रायफलीचा टेकू : स्थैर्य आणि हलकेपणा यांचा मेळ

दिनांक १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या गावचे स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकाविले. त्यापूर्वी चौदा वर्षे, ऑगस्ट २०१० मध्ये, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन या प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण नोंदवून सुवर्णपदक मिळविले होते. नेमबाजीत जागतिक अजिंक्यपद संपादन करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. या दोन्ही यशांत एक गोष्ट समान आहे. पालथे पडून नेम साधण्याची, म्हणजेच ज्याला खेळाडू 'प्रोन' म्हणतात ती कला दोघांनीही परिश्रमपूर्वक आत्मसात केलेली आहे.

अशा यशाच्या वार्ता गावोगाव पोहोचल्या की शाळांतील मुलामुलींच्या मनात या खेळाविषयी ओढ निर्माण व्हावी, हे स्वाभाविकच होय. मग शिक्षक, क्रीडा मंडळांचे कार्यकर्ते आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर साहित्याचा प्रश्न येतो. रायफल जमिनीवर स्थिर ठेवण्यासाठी तिच्या पुढील भागाला जोडावयाचा दुपायी टेकू, ज्यास 'बायपॉड' असे म्हणतात, तो चित्रांत आणि चित्रपटांत सर्वांनी पाहिलेला असतो. साहजिकच मागणीपत्रात त्याचा समावेश होण्याचा संभव असतो. तो घ्यावा काय, घ्यावयाचा झाल्यास कोणता घ्यावा आणि कोणत्या कामासाठी घ्यावा, याचा विचार खरेदीपूर्वीच होणे अगत्याचे आहे. अन्यथा पैसा खर्च होतो आणि वस्तू कपाटात पडून राहते. त्याहून मोठी हानी म्हणजे, चुकीच्या आधारावर शिकलेला होतकरू खेळाडू स्पर्धेच्या दिवशी निराधार होतो.

प्रथम नियम, नंतर खरेदी

बायपॉडची निवड करताना पहिला प्रश्न वजनाचा नाही, किमतीचाही नाही. ज्या स्पर्धेसाठी तयारी करावयाची आहे त्या स्पर्धेचे नियम काय सांगतात, हा पहिला प्रश्न होय.

ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धांतील रायफल प्रकारांमध्ये बायपॉडला मुळीच परवानगी नाही. पालथे पडून नेम धरताना रायफलीला दोन हात आणि एक खांदा एवढाच आधार असावा लागतो. गाल दस्त्यावर टेकविता येतो. दंडाभोवती बांधलेला पट्टा, म्हणजे स्लिंग, वापरता येतो. परंतु ज्या हाताने रायफल तोललेली असते त्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाने जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन केला पाहिजे, असे बंधन आहे. रायफलीचे वजन सर्व जोडसामानासह ८ किलोग्रॅमहून अधिक असता कामा नये. जिल्हा पातळीपासून राष्ट्रीय पातळीपर्यंत ज्या खेळाडूस ऑलिंपिक प्रकारांच्या मार्गाने जावयाचे आहे, त्यास हाच नियम लागू राहतो.

भारतात या खेळाची संघटित उभारणी राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्थापनेपासून, म्हणजे १९५१ पासून झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे या संघटनेच्या संस्थापकांपैकी होत. त्यांच्या नावाने भरणारी स्पर्धा आजही अनेक नवोदितांची पहिली मोठी पायरी असते. या पायरीवर पाय ठेवणाऱ्या मुलाने वर्षभर बायपॉडवर सराव केला असेल, तर स्पर्धेत त्याच्या हाती पट्टा येईल आणि सारे शिक्षण पुन्हा आरंभापासून करावे लागेल.

पट्टा कसा काम करतो ?

पट्ट्याचे कार्य समजून घेतल्यास बायपॉडचे कार्य अधिक चांगले समजते. उजव्या हाताने चाप ओढणारा नेमबाज डाव्या दंडावर पट्टा बांधतो आणि त्याचे दुसरे टोक रायफलीच्या पुढील भागावरील अटकावाशी जोडतो. पट्टा ताणला गेला म्हणजे दंड, कोपर ते मनगट आणि स्वतः पट्टा यांचा एक त्रिकोण तयार होतो. त्रिकोण ही न डगमगणारी आकृती आहे; घराच्या छपराची कैचीही याच कारणासाठी त्रिकोणी असते. रायफलीचा भार स्नायूंवर न पडता हाडांवर आणि पट्ट्यावर पडतो. स्नायू थकतात व थरथरतात. हाडे थकत नाहीत.

या बैठकीची एक सोपी परीक्षा प्रशिक्षक घेतात. नेम धरून डोळे मिटावयाचे, दोन-तीन श्वास घ्यावयाचे आणि पुन्हा डोळे उघडावयाचे. रायफल लक्ष्यावरून सरकलेली दिसली, तर ती हाताने ओढून जागेवर आणावयाची नाही. कंबर किंवा पाय किंचित हलवून संपूर्ण शरीराची दिशा बदलावयाची. शरीर सैल असताना रायफल जेथे आपणहून रोखली जाते तोच खरा नेम होय. हे तत्त्व बायपॉडलाही तंतोतंत लागू पडते, हे पुढे दिसून येईल.

बायपॉडचे खरे क्षेत्र

जड शस्त्राला पुढून टेकू देण्याची कल्पना जुनीच आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातील बंदूकधारी शिपाई दुबेळक्याची काठी जमिनीत रोवून तिच्यावर बंदूक टेकवीत असत. विसाव्या शतकात ब्रेनसारख्या हलक्या मशीनगनला दोन पायांचा घडीचा टेकू कायमचा जोडण्यात आला.

खेळाच्या क्षेत्रात बायपॉडला हक्काचे स्थान मिळाले ते 'एफ-क्लास' या लांब पल्ल्याच्या नेमबाजीत. या प्रकाराचे जनक कॅनडाचे जॉर्ज फार्क्वारसन हे होत आणि त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरावरून तो ओळखला जातो. वाढत्या वयात दृष्टी मंदावली व पट्ट्याचा ताण हाताला सोसेनासा झाला, तरी नेमबाजास आपला खेळ सोडावा लागू नये, हा त्यामागील हेतू होता. त्यासाठी दुर्बीण आणि पुढील टेकू या दोहोंना मुभा देण्यात आली. ३०० यार्डांपासून १००० यार्डांपर्यंत व त्याही पलीकडे पालथे पडूनच ही स्पर्धा खेळली जाते. तिचे दोन विभाग आहेत. खुल्या विभागात रायफलीचे वजन १० किलोग्रॅमपर्यंत चालते व पुढे जमिनीवर ठेवलेली स्वतंत्र बैठक वापरता येते. दुसऱ्या विभागात .२२३ रेमिंग्टन व .३०८ विंचेस्टर या दोनच जातींची काडतुसे चालतात, पुढे सामान्यतः बायपॉड असतो आणि बायपॉडसह रायफलीचे एकूण वजन ८.२५ किलोग्रॅमच्या आत ठेवावे लागते. स्थिर पण हलका बायपॉड हवा, ही मागणी मुख्यतः या मर्यादेतून उद्भवली आहे.

याखेरीज आणखी एका कामी टेकू उपयोगी पडतो, आणि ते काम महाराष्ट्रातील शाळांच्या दृष्टीने अधिक जवळचे आहे. अगदी नवशिक्या विद्यार्थ्याला दृष्टी, श्वास आणि चाप या तीन गोष्टी एकाच वेळी सांभाळावयाच्या असतात. त्यात रायफलीचा भार पेलण्याची चौथी गोष्ट पडली की तो गोंधळतो. आरंभीच्या काही तासिकांत रायफल वाळूच्या पिशवीवर अथवा बायपॉडवर टेकविल्यास चाप न झटकता कसा दाबावा, हे त्याला निवांतपणे शिकविता येते. मात्र सायकल शिकताना धरलेला हात जसा वेळीच काढून घ्यावा लागतो, तसा हा टेकूही वेळीच काढून पट्ट्याचे शिक्षण सुरू केले पाहिजे.

ज्या अपंग खेळाडूंना हातांनी रायफलीचा भार पेलणे शक्य नसते, त्यांच्यासाठी पॅरा नेमबाजीत स्वतंत्र गट असून त्यात स्प्रिंग बसविलेला टेकू वापरता येतो. त्याचे नियम निराळे आहेत. त्याच्या जागी सामान्य बायपॉड चालेल, असे समजून खरेदी करू नये.

तिवईचे तत्त्व

तीन पायांची तिवई कोणत्याही उंचसखल जमिनीवर न डुगडुगता उभी राहते. चार पायांचे टेबल मात्र डुगडुगते. बायपॉड लावलेली रायफल ही वस्तुतः एक तिवईच होय. तिचे दोन पाय पुढे असतात आणि तिसरा पाय म्हणजे नेमबाजाचा खांदा, किंवा दस्त्याखाली ठेवलेली वाळूची लहान पिशवी. बाजारात मिळतात ते दोनच पाय. तिसरा पाय ज्याचा त्याने घडवावयाचा असतो.

या तिसऱ्या पायाचे महत्त्व थोड्या गणिताने स्पष्ट होईल. पुढील टेकू आणि खांदा यांत ७० सेंटीमीटर अंतर आहे, असे धरू. खांद्याकडील टोक केवळ १ मिलिमीटर हलले, तर ५० मीटर अंतरावर नेम सुमारे ७१ मिलिमीटर सरकतो. एक दशांश मिलिमीटर हलले तरी तो ७ मिलिमीटर सरकतो. ५० मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर आहे. अर्थात, पुढचे दोन पाय कितीही भक्कम असले, तरी मागील खांदा सैल असेल तर त्या भक्कमपणाचा लाभ होत नाही. महागड्या बायपॉडसाठी हट्ट धरण्यापूर्वी चांगल्या कापडाची, घट्ट भरलेली वाळूची पिशवी शिवून घेणे हा अधिक शहाणपणाचा व्यवहार ठरतो; जेथे सरावास व नियमास ती मान्य आहे तेथे ती वापरावी.

पायांतील अंतर आणि उंची

स्थैर्य मुख्यतः दोन मापांवर अवलंबून असते. पाय एकमेकांपासून किती दूर टेकतात हे एक, आणि रायफल जमिनीपासून किती उंच राहते हे दुसरे. अंतर जेवढे अधिक व उंची जेवढी कमी, तेवढी रायफल बाजूला कलण्याची शक्यता कमी.

रायफल कलण्याने काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. गोळी नळीतून सुटताच गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागते. .२२ ची गोळी ५० मीटर जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते. ही घट भरून निघावी म्हणून नळीचे तोंड दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर रोखलेले असते. रायफल एका बाजूस कलली की हा 'वर' थोडासा 'बाजूला' होतो. कल ५ अंशांचा असेल, तर गोळी सुमारे १ सेंटीमीटर बाजूस लागते, म्हणजे दहाच्या वर्तुळाच्या जवळजवळ संपूर्ण व्यासाइतकी.

आता पायांतील अंतराचा विचार करू. एक पाय मऊ मातीत ५ मिलिमीटर रुतला आणि दोन पायांत २० सेंटीमीटर अंतर असले, तर रायफल सुमारे दीड अंश कलते. हेच अंतर ४० सेंटीमीटर असेल, तर कल निम्मा होतो. ५० मीटरवर यातील फरक एक-दोन मिलिमीटरांचाच असतो. परंतु १००० यार्डांवर.३०८ ची गोळी सुमारे १० मीटर खाली येते. तेथे दीड अंशाचा कल दुरुस्त केल्याविना राहिला, तर गोळी २५ सेंटीमीटर बाजूस जाते. त्या लक्ष्यावरील सर्वोच्च गुणांच्या वर्तुळाचा व्यासही तेवढाच, सुमारे २५ सेंटीमीटर असतो. लांब पल्ल्याचे स्पर्धक फार रुंद पायांचे बायपॉड का वापरतात आणि रायफलीवर गवंड्याच्या पाणसळीसारखा बुडबुडा का बसवितात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

उंचीच्या बाबतीत पालथे पडून नेम धरणाऱ्यास साधारणतः १५ ते २३ सेंटीमीटरपर्यंत लांबविता येणारे आखूड पाय पुरेसे होतात. खालच्या बाजूस मॅगझिन असलेली रायफल असल्यास, अथवा जमीन पुढे उतरती असल्यास, २३ ते ३३ सेंटीमीटरांची जात लागते. याहून लांब पाय बसून नेम धरण्यासाठी असतात. ते 'दोन्ही कामांस चालतील' म्हणून घेऊ नयेत. आखडलेल्या स्थितीतही ते उंच राहतात, वजनाने जड असतात आणि पूर्ण लांबविले की लवतात. उंची ठरविताना नेमबाजाची शरीरयष्टी पाहावी. मान ताणून किंवा छाती उचलून दुर्बिणीत पाहावे लागत असेल, तर टेकू उंच आहे असे समजावे.

वजन कोठे कमी करावे ?

हलकेपणा स्वतःसाठी हवा नसतो. ज्या विभागात एकूण वजन ८.२५ किलोग्रॅमवर बांधलेले आहे, तेथे बायपॉडमध्ये वाचविलेले प्रत्येक १०० ग्रॅम जाड नळीसाठी वापरता येतात. जाड नळी सावकाश तापते आणि अधिक ताठ राहते. शिवाय बायपॉड रायफलीच्या अगदी पुढील टोकाजवळ असल्याने त्याचे वजन थोडे असूनही रायफल तोंडाकडे जड वाटते. रायफल उचलून दूरवर न्यावयाची असेल, तर हा भार अधिकच जाणवतो.

परंतु वजन कमी करण्याच्या दोन रीती आहेत. एक चांगली व दुसरी वाईट. पाय आखूड व जवळजवळ करून, सांधे बारीक करून वजन घटविले, तर स्थैर्यही घटते. ही वाईट रीत. द्रव्य आणि आकार यांची योग्य निवड करून वजन घटविणे ही चांगली रीत. पोलादाची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम आणि कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याची सुमारे १.६ ग्रॅम असते. ॲल्युमिनियम हे पोलादाच्या मानाने एकतृतीयांश वजनाचे असले, तरी त्याचा ताठपणाही सुमारे एकतृतीयांशच असतो. म्हणून केवळ धातू बदलून भागत नाही. आकारही बदलावा लागतो.

याचा धडा निसर्गाने बांबूत घालून दिला आहे. भरीव दांड्यातील तेवढेच द्रव्य वापरून त्याची दुप्पट व्यासाची पोकळ नळी केली, तर वाकण्यास होणारा तिचा विरोध सातपट होतो. चांगल्या हलक्या बायपॉडचे पाय म्हणूनच जाड दिसणाऱ्या, पण पातळ भिंतींच्या नळ्यांचे असतात. धातूचे नेहमीच्या वापरातील बायपॉड बहुधा ३०० ते ६०० ग्रॅम वजनाचे असतात. कार्बन तंतूंचे काही नमुने २०० ग्रॅमच्याही आत बसतात. हे अतिहलके नमुने डोंगरदऱ्यांतून रायफल वाहून नेण्यास सोयीचे असतात. मात्र जोरदार धक्क्याच्या काडतुसावर सलग गोळ्या झाडताना रुंद व किंचित जड पायच अधिक भरवशाचे ठरतात. निवडीचा क्रम म्हणूनच असा असावा : प्रथम पायांची रुंदी, मग सांध्यांचा घट्टपणा, मग योग्य उंची आणि शेवटी, या तिन्हींशी तडजोड न करता, जेवढे कमी करता येईल तेवढे वजन.

सांधा, जोड आणि पायांची टोके

बायपॉड नळीला जोडू नये. दस्त्याच्या पुढील भागाला जोडावा. गोळी सुटताना नळी सूक्ष्मपणे कंप पावते. तिला मध्येच टेकू लागला, तर कंपनाचा प्रकार बदलतो आणि टेकूवरील दाब कमीअधिक झाला की गोळी लागण्याची जागाही बदलते.

दस्त्याशी असलेला जोड घट्ट असावा. बाजूस कलण्याची सोय असलेला सांधा उंचसखल जमिनीवर फार उपयोगी पडतो, कारण प्रत्येक वेळी एका पायाची लांबी बदलावी लागत नाही. मात्र हा सांधा खिळीने किंवा तरफेने पक्का आवळता आला पाहिजे. आवळल्यानंतरही तो हलत असेल, तर अशा सोयीपेक्षा ती नसलेला साधा बायपॉड बरा. पायांची लांबी खाचांवर ठरत असेल, तर ती पटकन व दोन्ही बाजूंस सारखी बदलता येते. स्क्रूवर ठरत असेल, तर बारीक फेरफार साधतो.

पायांची टोके जमिनीप्रमाणे निवडावीत. सिमेंटच्या ओट्यावर रबरी टोके चालतात; तरीही कठीण पृष्ठभागावर रायफल उसळी घेते, म्हणून खाली जाड सतरंजी अथवा चटई घालावी. माती व गवत यांवर अणकुचीदार टोके रुततात व पकड घेतात. एफ-क्लासमधील अनेक स्पर्धक घसरपट्टीसारखी लांबट टोके वापरतात. गोळी सुटल्यावर रायफल त्यांवरून सरळ मागे घसरते आणि ढकलताच पूर्वीच्या जागी परत येते.

ही घसरण महत्त्वाची आहे, कारण गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच रायफल मागे सरकू लागलेली असते. .२२ चा धक्का अत्यल्प असतो; .३०८ चा धक्का त्याच्या दहापटीहून अधिक असतो. तो प्रत्येक वेळी सारख्याच दिशेने व सारख्याच रीतीने गेला पाहिजे. त्यासाठी काही नेमबाज खांद्याने रायफल हलकेच पुढे रेटून पायांवर सारखा ताण ठेवतात, तर काही तिला जवळजवळ मोकळी सोडतात. दोन्ही पद्धतींनी उत्तम गुण मिळतात. एका गोळीला एक आणि दुसऱ्या गोळीला दुसरी पद्धत वापरल्यास मात्र गोळ्या विखुरतात. पट्ट्याच्या संदर्भात सांगितलेली डोळे मिटण्याची परीक्षा येथेही घ्यावी. बायपॉडवरील रायफल हाताने बाजूला दाबून लक्ष्यावर धरलेली असेल, तर गोळी सुटताच ती आपल्या मूळ दिशेकडे वळते.

खरेदीपूर्वी तपासावयाच्या बाबी

पुरवठादाराकडून नमुना मागवून पुढील तपासणी जाणत्या प्रशिक्षकाच्या उपस्थितीत करावी.

१. ज्या स्पर्धेची तयारी करावयाची आहे तिच्या चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेत बायपॉडला परवानगी आहे काय ? नसल्यास तो केवळ प्रारंभिक शिक्षणापुरता घेतला जात आहे, अशी नोंद मागणीपत्रात स्पष्टपणे करावी.

२. पाय पूर्ण उघडून दोन टोकांमधील अंतर मोजावे आणि बायपॉड तराजूवर ठेवून त्याचे वजन करावे. जाहिरातीतील आकड्यावर विसंबून राहू नये. जोडपट्टी धरून केलेले वजनच खरे वजन होय.

३. जोडपट्टी घट्ट धरून प्रत्येक पाय पुढे-मागे व बाजूस हलवून पाहावा. खिळखिळ जाणवली किंवा आवाज आला, तर नमुना परत करावा.

४. पाय पूर्ण लांबवून वरून तळहाताने दाब द्यावा. पाय लवता किंवा घसरता कामा नयेत.

५. रिकाम्या रायफलीवर बायपॉड बसवून, रायफल रिकामी असल्याची दोन व्यक्तींनी खात्री करून, लक्ष्यावर नेम धरावा व चाप दाबावा. चाप दाबताना दुर्बिणीतील खूण जागेवरून सरकते काय, ते पाहावे.

६. शक्य असल्यास अधिकृत नेमबाजी केंद्रावर प्रत्येकी पाच गोळ्यांचे दोन गट झाडावेत. पहिल्या गटात रायफल जागेवरून हलवू नये; दुसऱ्या गटात प्रत्येक गोळीनंतर ती उचलून पुन्हा टेकवावी. दुसरा गट पहिल्यापेक्षा फारच विखुरलेला आला, तर दोष बायपॉडचा की बैठकीचा, हे प्रशिक्षकाने दुसरा बायपॉड लावून ठरवावे.

७. सुटे भाग, विशेषतः रबरी टोके, स्प्रिंग व आवळण्याचे स्क्रू, स्वतंत्रपणे मिळतात काय, याची चौकशी करावी.

कायदा आणि सुरक्षितता

बायपॉड हे शस्त्र नव्हे. पण तो ज्या वस्तूला जोडावयाचा ती बहुतेक वेळा शस्त्रच असते. बंदुका व काडतुसे यांचे बाळगणे, नेआण आणि वापर शस्त्र अधिनियम १९५९ व शस्त्र नियम २०१६ यांच्या अधीन आहे. शाळेने किंवा पंचायतीने नेमबाजीचा कोणताही उपक्रम आखताना मान्यताप्राप्त रायफल संघटना, राष्ट्रीय छात्रसेनेचे अधिकारी आणि संबंधित परवाना अधिकारी यांचे मार्गदर्शन प्रथम घ्यावे. मोकळ्या शेतात किंवा गावाबाहेरील टेकडीवर केलेला सराव हा सराव नव्हे, ते संकटाला निमंत्रण होय.

बायपॉडमुळे एक विशेष धोका उद्भवतो, तो शिक्षकांनी ध्यानी ठेवावा. रायफल आपल्या पायांवर उभी राहते, म्हणून ती तशीच ठेवून उठून जाण्याचा मोह होतो. ज्याच्या हाती रायफल नाही त्याला ती निरुपद्रवी वाटू लागते. रायफल टेकूवर असली तरी तिचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेस असावे, बोल्ट उघडा असावा, काडतूस काढलेले असावे आणि लक्ष्याकडे कोणीही जाण्यापूर्वी प्रशिक्षकाची आज्ञा झालेली असावी. बोटाचा चापाला स्पर्श नेम धरल्यानंतरच व्हावा. हे नियम पहिल्या दिवशी पाठ करून घ्यावेत आणि शेवटच्या दिवसापर्यंत पाळावेत.

टेकूची मर्यादा

बायपॉडची उपयुक्तता त्याच्या मर्यादेसह ओळखली पाहिजे. तो रायफलीचा भार घेतो. नेमबाजाचा श्वास, दृष्टी आणि चापावरील बोट यांचा भार घेत नाही. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत रुंद पायांचा, घट्ट सांध्यांचा आणि मोजके वजन असलेला बायपॉड ही गरज आहे. नवशिक्याच्या पहिल्या तासिकांत तो साहाय्यक आहे. ऑलिंपिकच्या वाटेवरील खेळाडूला मात्र त्याच निधीतून चांगला पट्टा, नेमबाजीचे जाड जाकीट, चटई आणि नियमित प्रशिक्षण मिळाले, तर ते अधिक फलदायी ठरेल.

कांबळवाडीसारख्या लहान गावातून निघालेला मुलगा ऑलिंपिकच्या विजयमंचावर उभा राहू शकतो, हे २०२४ मध्ये सिद्ध झाले आहे. अशा मुलामुलींच्या वाटचालीत पहिला हातभार बहुधा गावच्या शिक्षकाचा व स्थानिक संस्थेचा असतो. त्यांनी मागणीपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी नियमपुस्तिका उघडून पाहिली, नमुना तराजूवर तोलला आणि प्रशिक्षकाचे मत विचारले, तर थोड्या निधीतूनही योग्य साहित्य उभे राहील आणि शिकणाऱ्याची वर्षे वाया जाणार नाहीत.